फुटबॉल कळत नसताना फँटसी प्रीमियर लीग कशी सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कोपरखैरणे, ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, आणि ऑफिसातल्या मंडळींनी त्यांच्या फँटसी प्रीमियर लीगचा (इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून गुण मिळवायचा खेळ) कोड पाठवलाय. क्रिकेटचं फँटसी थोडंफार खेळून झालंय, पण फुटबॉलचा गंध नाही, ऑफसाइडसुद्धा कळत नाही. तळाला न राहता हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

नक्की जमेल. आधी फुटबॉल शिकून घेऊ, मग फँटसीकडे वळू, असं ठरवलंत तर हंगाम हातचा जाईल. पंधरा खेळाडू निवडा, त्यांच्या मागावर राहा, खेळ आपोआप कळत जातो. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की हवी. इथे गुण मिळतात ते मैदानात असणाऱ्याला. कोण किती थोर खेळाडू आहे हे कळायला वर्षं जातात. या शनिवारी कोण ६० मिनिटांच्या वर खेळणार, हे मात्र फुटबॉल न कळणाऱ्यालाही शोधून काढता येतं. नवख्यांची टीम बुडते ती इथेच: नाव मोठं, पण आठवडाभर बेंचवर.

त्याआधी क्रिकेटची एक सवय मोडावी लागेल. क्रिकेटच्या फँटसीत दर सामन्याला नवी टीम, आणि तीही टॉसनंतर, अकरा जण जाहीर झालेले पाहून. इथे एकच टीम ऑगस्टपासून मेपर्यंत सांभाळायची. २० क्लब, प्रत्येकाचे ३८ सामने, म्हणून ३८ गेमवीक, म्हणजे सामन्यांच्या फेऱ्या. गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी डेडलाइन संपते आणि तोवर कुठल्याच क्लबचे अकरा जण जाहीर झालेले नसतात. एकदा डेडलाइन गेली की सोमवारी रात्री ज्याचा सामना आहे तो खेळाडूही बदलता येत नाही. त्यामुळे सगळा भर अंदाजावर.

खाली दिलेले नियम २०२५-२६ च्या हंगामाचे आहेत. दर हंगामात एखाददुसरा नियम बदलतो, तेव्हा ऑगस्टमध्ये नियमांचं पान एकदा वाचून काढा.

टीमसाठी खेळातले (खरे नव्हे) १०० मिलियन मिळतात. त्यात १५ खेळाडू बसवायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त तिघे. दर आठवड्याला यातले ११ खेळवायचे, ४ बेंचवर. अकरांत किमान ३ डिफेंडर, २ मिडफिल्डर आणि १ फॉरवर्ड हवाच.

पैशांची वाटणी साधारण अशी करून बघा. गोलकीपर ५.० आणि ४.०. यातला दुसरा कधीच खेळला नाही तरी चालेल, तो फक्त जागा भरायला. डिफेंडर ५.५, ५.०, ५.०, ४.५, ४.०. मिडफिल्डर १०.०, ८.०, ७.५, ६.५, ५.५. फॉरवर्ड १४.०, ९.०, ६.०. बेरीज ९९.५, अर्धा मिलियन शिल्लक. तो अर्धा उगाच उधळू नका. पुढे ६.५ चा माणूस जखमी झाला आणि हवा असलेला ७.० चा निघाला की तोच कामी येतो. १४.० ची जागा मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालंडसारख्या माणसासाठी. २०२२-२३ मध्ये त्याने ३६ गोल केले, एका हंगामातला तो लीगचा विक्रम आहे. असा महागडा फॉरवर्ड नको असेल तर ते पैसे मिडफिल्डमध्ये पसरवा, पण दोन फार महाग खेळाडू घेतलेत की बाकीची टीम भुकेकंगाल होते, हे आधीच ध्यानात घ्या.

आता गुण. ६० मिनिटांपर्यंत खेळलं की १, ६० किंवा जास्त खेळलं की २. गोलचे गुण जागेप्रमाणे बदलतात: फॉरवर्डला ४, मिडफिल्डरला ५, डिफेंडरला ६, गोलकीपरला १०. असिस्टला, म्हणजे गोलआधीच्या पासला, ३. संघाने एकही गोल खाल्ला नाही तर ती क्लीन शीट, त्याचे डिफेंडर आणि गोलकीपरला ४, मिडफिल्डरला १, फॉरवर्डला काही नाही. गोलकीपरला दर ३ सेव्हमागे (अडवलेल्या फटक्यांमागे) १, पेनल्टी अडवली तर ५. वजाबाकीही आहे: पिवळं कार्ड उणे १, लाल उणे ३, स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला तर उणे २, पेनल्टी चुकली तर उणे २, आणि दर दोन गोल खाल्ले की डिफेंडर-गोलकीपरचा १ गुण जातो. शिवाय प्रत्येक सामन्यात सर्वोत्तम ठरलेल्या तिघांना ३, २, १ असे बोनस.

२०२५-२६ पासून बचावाच्या कामालाही गुण आहेत. डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स (बॉल दूर मारणं), ब्लॉक (फटका अंगावर घेणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) आणि टॅकल (समोरच्याच्या पायातून बॉल काढणं) मिळून १० केले की २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी हा आकडा १२, पण त्यांच्या हिशेबात सुटलेला बॉल परत मिळवणंही धरतात.

याचा परिणाम एका सामन्यात बघा. एक फॉरवर्ड ९० मिनिटं खेळला, एक गोल केला आणि जर्सी काढून नाचल्याबद्दल पिवळं कार्ड घेतलं: २ + ४ − १ = ५. त्याच सामन्यात समोरच्या संघाचा एक मधला बचावपटू ९० मिनिटं राबला आणि १० वेळा बॉल अडवला, तरी गोल खाल्ल्यामुळे क्लीन शीट गेली: २ + २ = ४. टीव्हीवर त्याचं नावही कुणी घेतलं नसेल, पण तो ४.५ मिलियनचा आणि फॉरवर्ड ९ मिलियनचा. दुसऱ्या आठवड्यात त्याच बचावपटूला क्लीन शीट मिळाली तर ८. म्हणूनच सतत दबावाखाली असणाऱ्या संघाचा मधला बचावपटू आता स्वस्तात मस्त ठरतो. त्याच्याकडे बॉल सारखा येतच राहतो.

मिडफिल्डर म्हणून नोंद असलेला पण प्रत्यक्षात पुढे खेळणारा माणूस दिसला की लगेच लक्ष द्या. मोहम्मद सलाह २०२४-२५ मध्ये मिडफिल्डर म्हणून नोंदलेला होता आणि लिव्हरपूलसाठी त्याने २९ गोल आणि १८ असिस्ट केले. प्रत्येक गोलला ४ ऐवजी ५, वर क्लीन शीटचा १. हंगामाअखेर ३४४ गुण झाले, फँटसी प्रीमियर लीगमध्ये एका हंगामात एवढे कुणाचेच नव्हते. मिडफिल्डच्या पाच जागांसाठी असेच लोक शोधायचे. बचावात मागे राहून पास देणारा मिडफिल्डर फुटबॉलसाठी कितीही मोलाचा असला तरी इथे बहुतेक आठवडे २ वरच अडकतो.

आता मिनिटांकडे, कारण खरी मेहनत इथेच आहे. कुठल्याही खेळाडूच्या नावावर टॅप केलंत की त्याच्या प्रत्येक सामन्याची ओळ दिसते, त्यात खेळलेली मिनिटं. समजा एकाचे शेवटचे पाच सामने ९०, ८८, ९०, ९०, ७९ आणि दुसऱ्याचे ९०, २७, ६३, ०, ९०. दुसऱ्याचे गोल जास्त असले तरी पहिला घ्या. २७ म्हणजे तो बदली म्हणून शेवटी आला होता. ० म्हणजे आलाच नाही. पहिल्या सहा गेमवीकनंतर जास्तीत जास्त ५४० मिनिटं होतात. त्यात ४५० च्या वर असलेल्यांचीच आधी यादी करा, मग किंमत बघा, मग गोल.

मिनिटं कमी होण्याची कारणं ठरलेली असतात. युरोपभरच्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धा असतात: मोठे क्लब मंगळवार-बुधवारी चॅम्पियन्स लीग खेळतात, काही गुरुवारी युरोपा लीग. गुरुवारी रात्री दूरदेशी खेळून आलेला संघ रविवारी दोन-चार जणांना विश्रांती देतोच. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये खेळाडू आपापल्या देशासाठी खेळायला जातात. दक्षिण अमेरिकेहून लांबचा प्रवास करून परतलेल्याला लगेचच्या शनिवारी बसवलं जाण्याची शक्यता असते. डिसेंबरात सामने इतके दाटीवाटीने येतात की ठणठणीत माणसालाही एखादा सामना बाहेर बसावं लागतं. युरोपात न खेळणाऱ्या मधल्या फळीतल्या क्लबांचे लोक नवख्यांसाठी म्हणूनच सोयीचे. तेच अकरा दर आठवड्याला.

जखमी खेळाडूच्या नावापुढे पिवळी खूण येते आणि खेळण्याची शक्यता ७५, ५० किंवा २५ टक्के अशी दिसते. लाल खूण म्हणजे तो नाहीच. मॅनेजर लोक (क्लबांचे मुख्य प्रशिक्षक) साधारण गुरुवारी-शुक्रवारी पत्रकारांशी बोलतात आणि खुणा त्यानंतर बदलतात. त्यामुळे मंगळवारी बदल करून मोकळं होण्याचा उतावीळपणा नको. मॅनेजर “सराव सुरू केलाय” म्हणाला की तो खेळाडू बहुधा बेंचवरून येईल असं समजा. ९० मिनिटांची आशा धरू नका.

बेंचचं गणित बरेच जण समजूनच घेत नाहीत. अकरांतला एखादा खेळलाच नाही, तर त्याच्या जागी बेंचवरचा आपोआप येतो, तुम्ही लावलेल्या क्रमाने. पण अट अशी की किमान ३ डिफेंडर राहिले पाहिजेत. तुम्ही तिघेच डिफेंडर खेळवलेत आणि त्यातला एक आला नाही, तर बेंचवर पहिला मिडफिल्डर असला तरी त्याला ओलांडून डिफेंडरच आत येतो. बेंचवरचे दोन्ही डिफेंडर खेळले नसतील तर जागा रिकामी. गोलकीपरच्या जागी फक्त गोलकीपर. आणि सगळ्यांत त्रासाचा प्रकार असा: तुमचा माणूस ८९ व्या मिनिटाला मैदानात उतरतो, १ गुण घेतो, आणि बेंचवर ८ गुण घेऊन बसलेला तिथेच राहतो. एक मिनिट खेळला तरी तो खेळला. म्हणून संशयित खेळाडूला अकरांत ठेवण्यापेक्षा नक्की खेळणाऱ्या साध्या खेळाडूला ठेवा, आणि बेंचवर किमान पहिले दोघे तरी दर आठवड्याला मैदानात उतरणारे हवेत.

क्लीन शीटलाही ६० मिनिटांची अट आहे. डिफेंडर ५९ व्या मिनिटाला बाहेर गेला तर ते ४ गुण नाहीत. ७० व्या मिनिटाला ०-० असताना गेला आणि नंतर गोल झाला, तर त्याचे ४ शाबूत. एकाच क्लबचा गोलकीपर आणि दोन डिफेंडर घेण्याआधी विचार करा. एक गोल खाल्ला की एका फटक्यात १२ गुण गेले.

कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. तो अजिबात खेळला नाही तरच व्हाइस-कॅप्टनचे दुप्पट, म्हणून दोघेही पक्के खेळणारे हवेत. कॅप्टन म्हणून डिफेंडर नको. घरच्या मैदानावर, खालच्या तीन-चार क्लबांपैकी कुणाशी सामना असलेला आणि स्वतः पेनल्टी घेणारा फॉरवर्ड किंवा मिडफिल्डर निवडा. दरवर्षी तीन क्लब खालच्या लीगमधून वर येतात, त्यांच्याविरुद्धचे सामने आधी शोधा. पेनल्टी, फ्री किक आणि कॉर्नर कोण घेतो याची क्लबवार टिपणं खेळाच्या साइटवरच आहेत. दोन सारख्या किमतीच्या खेळाडूंत अडलात तर तिथे बघा. पेनल्टी घेणारा घ्या.

दर आठवड्याला एक ट्रान्सफर (एक खेळाडू काढून दुसरा आणणं) फुकट. वापरला नाही तर साठतो, जास्तीत जास्त पाच. त्यापुढच्या प्रत्येक ट्रान्सफरला ४ गुण कापले जातात, त्याला ‘हिट’ म्हणतात. हिट घेताना हिशेब सरळ ठेवा: नव्या माणसाने जुन्यापेक्षा ४ गुण जास्त आणले तरच तुमची बरोबरी. चालत्या खेळाडूला काढून जरा बरा आणण्यासाठी हिट कधीच नको. जुना महिनाभर जखमी आहे आणि बेंचवरही कुणी नाही, तेव्हाच हात सैल करा. गेल्या आठवड्यात ज्याने दोन गोल ठोकले त्याच्यामागे धावणं हा नवख्यांचा ठरलेला रोग आहे. पुढचे चार-पाच सामने कुणाशी आहेत ते आधी बघा. साइटवर सामन्यांच्या अवघडपणाला १ ते ५ आकडे दिलेले असतात, हिरव्यापासून लालपर्यंत. पुढचे तीन लाल असतील तर तो खेळाडू आत्ता आणायचा नाही.

किमती वर-खाली होतात, पण त्यात गुंतू नका. ७.० ला घेतलेला ७.२ झाला तर विकताना ७.१ मिळतात, कारण निम्माच नफा तुमचा, तोही खालच्या आकड्यापर्यंत. ७.१ झाला तर विक्री ७.० लाच. उतरला तर मात्र पूर्ण तोटा. ०.१ मिलियनसाठी मंगळवारी घाईने ट्रान्सफर करायचा आणि बुधवारी तोच खेळाडू युरोपातल्या सामन्यात जखमी व्हायचा, हे दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या नशिबी येतं.

चिप्स, म्हणजे एखाद्या आठवड्यात वापरायच्या खास सवलती, चार आहेत आणि प्रत्येक दोनदा मिळते, एकदा हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात आणि एकदा दुसऱ्या. वाइल्डकार्डने पूर्ण टीम फुकटात बदलता येते. फ्री हिटने एका आठवड्यापुरती, मग जुनी टीम परत. बेंच बूस्टमध्ये पंधराही जणांचे गुण धरतात, ट्रिपल कॅप्टनमध्ये कॅप्टनचे तिप्पट. पहिल्या अर्ध्यातल्या चिप्स १९ व्या गेमवीकच्या डेडलाइनआधी वापरल्या नाहीत तर वाया जातात. एका आठवड्यात एकच चिप. पहिलं वाइल्डकार्ड निदान पाच-सहा गेमवीक थांबून, मिनिटांचं चित्र स्पष्ट झाल्यावर काढा. वाइल्डकार्ड आणि फ्री हिट एकदा पक्के केलेत की मागे घेता येत नाहीत. बाकीच्या दोन चिप्स डेडलाइनपर्यंत रद्द करता येतात. बेंच बूस्ट आणि ट्रिपल कॅप्टन डबल गेमवीकसाठी राखा, म्हणजे काही क्लब एकाच गेमवीकमध्ये दोन सामने खेळतात तेव्हासाठी. असे आठवडे बहुतेक दुसऱ्या अर्ध्यात येतात.

वेळेचा घोळ आपल्याकडे बऱ्याच जणांना नडतो. शनिवारचा पहिला सामना इंग्लंडमध्ये दुपारी १२:३० ला असला तर डेडलाइन आपल्या दुपारी ३:३० ला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हीच डेडलाइन ४:३० ला. पहिला सामना शुक्रवारी रात्री ८ चा असेल तर आपली डेडलाइन शुक्रवारी रात्री ११, आणि हिवाळ्यात थेट मध्यरात्री १२. शनिवारी हाफ डे करून ठाण्याहून पनवेल लोकल पकडलीत आणि ऐरोली गेल्यावर ट्रान्सफरची आठवण झाली, असं होऊ नये. गुरुवारी रात्री कच्ची टीम लावून ठेवा, शुक्रवारी बातम्या पाहून पक्की करा. साइटवर डेडलाइन तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दिसते, फोनमध्ये तिचा अलार्म लावून टाका.

सामना बघताना सगळं कळायची गरज नाही. जिओहॉटस्टारवर शनिवारी संध्याकाळी ७:३० चा (हिवाळ्यात ८:३०) किंवा रविवारी रात्री ९ चा एक सामना घ्या आणि तुमच्या टीममधल्या एकाच खेळाडूकडे बघा. तो कुठे उभा राहतो, कॉर्नरला बॉलकडे कोण जातो, आणि ६० व्या मिनिटानंतर चौथ्या पंचाच्या फलकावर कुणाचा नंबर येतो, एवढंच टिपा. तोच माणूस सलग तीन आठवडे ६५ व्या मिनिटाला बाहेर गेला, तर त्याच्या गोलची अर्धीमुर्धी संधी कमी झाली हे तुम्हाला आकड्यांआधी कळलेलं असेल.

ऑफसाइडपुरतं एवढं पुरे: पास दिला जातो त्या क्षणी, समोरच्या अर्ध्या मैदानात, पुढचा खेळाडू बॉलच्याही पुढे आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसऱ्याच्याही पुढे असेल आणि खेळात भाग घेईल, तर ऑफसाइड. शेवटचा सहसा गोलकीपर असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या डिफेंडरशी तुलना. व्हीएआरमध्ये (व्हिडिओ पाहून निर्णय तपासतात तेव्हा) गोल रद्द होऊ शकतो, तेव्हा गोल झाला की लगेच ग्रुपवर आनंद साजरा करू नका. बचावाची ओळ एकत्र पुढे-मागे कशी सरकते हे टीव्हीपेक्षा स्टेडियममध्ये चांगलं दिसतं. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम तुमच्याकडून तीन स्टेशनांवर आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात स्पेन आणि मालीची उपांत्य लढत तिथेच झाली होती. तिथे फुटबॉलचा सामना लागला की वरच्या स्टँडचं तिकीट काढा, बॉल सोडून मागच्या चौघांकडे बघा.

खेळ अधिकृत साइटवर आणि ॲपवर पूर्ण फुकट आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. कुणी पैसे भरायला लावणारी लिंक पाठवली तर तिच्या वाटेला जाऊ नका. ऑफिसची लीग कोडने जोडायची असते.

हंगाम आधीच सुरू झाला असेल तरी घाबरू नका. टीम नोंदवल्यावर तुमच्या पहिल्या डेडलाइनपर्यंत हवे तितके बदल फुकट करता येतात. गुण मात्र तिथूनच मोजायला सुरुवात होते आणि बाकीचे पुढे असतात. लीग ज्याने बनवली त्याला सांगून तुमच्या गेमवीकपासून गुण मोजणारी दुसरी लीग काढून घ्या. लीग बनवताना कुठल्या गेमवीकपासून मोजायचं हे विचारतात, तिथे तुमचा आकडा टाकला की सगळे शून्यावरून निघतात.